पाठ फिरवून निवडलेलं साउंड कार्ड

आवाज काय, सगळे सारखेच, असं म्हणणारा माणूस भेटला की मी त्याला एकच विचारतो. बाबा रे, तुझी बायको आणि तुझी सासू एकाच आवाजात बोलतात का? लगेच विषय बदलतो. लग्न झालेल्या माणसाला आवाजातला फरक शिकवावा लागत नाही. शिकलेल्या माणसाला मात्र लागतो, आणि त्यातही कॉम्प्युटर शिकलेला असला तर दोनदा लागतो. मी शिकवून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

मी स्वतः तिसरी पास. पास म्हणजे मास्तरांनी पुढं ढकललं तितका. चौथीच्या वर्षी मेंढरांमागं गेलो तो शाळेकडं परत फिरलोच नाही. आमचं गाव औंढ्यापासून पायी तासाभराच्या वाटेवर. मेंढरं-शेरडं घरात बापजाद्यांपासून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी साउंड कार्डाबद्दल बोलणार आहे, आणि माझ्यासारख्यानं साउंड कार्डाबद्दल तोंड उघडलं की हिंगोलीतल्या कॉम्प्युटरवाल्या पोरांना हसू येतं. हसा बापडे. साठ जनावरं माझ्याकडं राहणार का हट्टा गावच्या माणसाच्या मागं चालत जाणार, हे त्या तळहाताएवढ्या हिरव्या पट्टीवर ठरलं होतं, आणि ती पट्टी मी ओळखली होती. हसणारे तेव्हा तिथंच बसले होते, तोंडं पाडून.

आमच्यात घंटी पाठ फिरवून घेतात. औंढ्याच्या जत्रेत पितळी घंट्यांची दुकानं लागायची. कळपाच्या पुढं चालणाऱ्या बोकडासाठी घंटी घ्यायची असली की गिऱ्हाईक दुकानाकडं पाठ करून उभं राहायचं आणि दुकानदार मागून एकेक घंटी हलवायचा. डोळा चकाकीला भुलतो, म्हणून डोळ्याला त्या कामातून काढूनच टाकलेलं. आपली घंटी वाजली की हात वर करायचा. दुकानदारही काही साधुसंत नसायचा. मध्येच तो आधी वाजवलेलीच घंटी पुन्हा हलवायचा आणि म्हणायचा, "ही ऐका, हिची बातच वेगळी!" जो मान डोलवून "व्हय, ही झकास" म्हणेल, त्याचं सगळ्या जत्रेत हसं व्हायचं. माझा मेहुणा असाच फसला होता. मरेपर्यंत लोक त्याला "हिची बातच वेगळी" म्हणूनच हाक मारायचे, आणि तो ओ द्यायचा.

आता कॉम्प्युटर. आमचा थोरला पोरगा बारावी करून हिंगोलीला गेला आणि त्यानं एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. औंढ्यात पहिला एसटीडी फोनचा डबा लागला त्या सुमाराची गोष्ट. चार कॉम्प्युटर, एक पंखा. पंखा कॉम्प्युटरांसाठी, मास्तरांसाठी नाही. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, असा कायदा. देवळात चपला हातात धरून शिरणारी पोरं तिथं बाहेर ओळीनं चपला ठेवून, हात जोडल्यासारखी आत जायची. मला वाटलं आत काय परमेश्वर बसला आहे. आत खोकी बसली होती.

बाजाराच्या दिवशी मी शेरडं घेऊन हिंगोलीला जायचो. बाजार उरकला की संध्याकाळच्या गाडीपर्यंत क्लासात बसून राहायचो. पोरगा जेवायला निघताना दर वेळी बजावायचा, "आबा, कशाला हात लावू नका बरं." मी म्हणायचो, "मी काहून लावू?" आणि तो कोपऱ्यावर वळला की लावायचो.

एका विद्यार्थ्यानं त्यात एक गेम घालून ठेवला होता. लाल टोपीचा एक ठेंगणा माणूस भुयारातून चालतो. वाटेत बंद दारं. दाराची चावी अंधारात पडलेली असते, दिसत नाही, पण टोपीवाला तिच्याजवळून गेला की बारीक वाजते, टिन्. आणि भिंतीपलीकडं एक जनावर असतं, ते गुरगुरतं. डाव्या अंगाला असलं तर स्पीकरच्या डाव्या डब्यातून, उजव्या अंगाला असलं तर उजव्या. क्लासातली पोरं हा गेम डोळे फाडून खेळायची आणि पटापटा मरायची. मी कानानं खेळलो. अंधारात जनावर कुठं आहे हे शोधायला मला कोणाची शिकवणी लावायची गरज नव्हती. वाचायचं तर त्यात काहीच नव्हतं. बटणांवर चार बाण होते, चार दिशांचे. चार दिशा मेंढरामागच्या माणसाला कोणी शिकवत नाही.

पोराला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आबा, लोक काय म्हणतील? सत्तरीकडं झुकलेला माणूस गेम खेळून राहिला."

मी म्हणालो, "लोक पत्ते खेळतात पारावर. त्यांना विचार."

पुढं क्लासात नवी मशीनं आली आणि जुनी भंगारात निघाली. एक मी मागून घेतलं. घोंगडीत गुंडाळून एसटीनं गावाला आणलं. कंडक्टरनं विचारलं, "आत काय हाय?" म्हणलं, "करडू." तो म्हणाला, "ओरडत न्हाई?" म्हणलं, "घरी जाऊन ओरडतं." म्हातारीनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, दारातच कंबरेवर हात ठेवून विचारलं, "हे कशाला आणलं? दूध देतंय का?" पण दुपारी लाईट असली आणि कळप झाडाखाली बसला की मी घरी येऊन घटकाभर भुयारात फिरायचो, आणि ती उंबऱ्यात बसून ज्वारी निवडता निवडता ऐकायची. चार-पाच वर्षं असं चाललं. गेममधल्या गाण्याच्या चालीवर ती दळायलाही लागली होती. हे तिच्यापुढं म्हणलं तर आजही चिडते.

मग एका वळवाच्या दिवशी लाईट अशी जोरात आली की बल्ब पांढरा झाला आणि फुटला. खोकं वाचलं, पण मुकं झालं. टोपीवाला चालायचा, जनावर यायचं, सगळं बिनआवाजाचं. पोरगा त्याच्या क्लासात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एकाला घेऊन आला. आम्ही त्याला इंजिनियर म्हणायचो, कारण तो स्वतःला म्हणायचा. सहा महिन्यांचा कोर्स, खिशात पेन आणि टेस्टर शेजारी शेजारी. त्यानं खोकं उघडलं, एक पट्टी काढून नाकाला लावली आणि म्हणाला, "काका, साउंड कार्ड जळालं."

तेव्हा मला कळलं की खोक्याचा गळा वेगळा असतो आणि बदलता येतो. माणसाचा येत नाही, नाहीतर मी आधी इंजिनियरचा बदलला असता. कारण तो बोलायला लागला की थांबायचा नाही. नवं कार्ड आणतो म्हणाला. आणलं. खोक्यातली खाच लांब, काळी; नव्या कार्डाचे दात आखूड. बसेना. त्यानं जोर लावून पाहिला, मग उभा राहून पाहिला. मग म्हणाला, "काका, मशीनच बेकार आहे. नवीन घ्या." आपल्या हातून झालं नाही की वस्तू बेकार, ही तर फार जुनी रीत आहे, त्याला कोर्स लागत नाही.

पोरानं माझ्या तकलीफेपायी एक नवं मशीन आठ दिवसांसाठी घरी आणून पाहिलं. त्यावर गेम लावला तर माझा टोपीवाला असा पळाला, जसा सरपंच ग्रामसभेतून पळतो. मी बोट उचलायच्या आत तो जाऊन मेलेला. इंजिनियर म्हणाला, "मशीन फास्ट आहे ना काका." म्हणलं, "मरायला फास्ट कशाला लागतं?" आणि एवढं करून आवाज नाहीच. जुना गेम नव्या कार्डाला ओळखत नाही म्हणे. माणसांसारखंच झालं.

म्हणजे कार्ड जुनंच पाहिजे. मी स्वतः हिंगोलीला गेलो. रेल्वे स्टेशनच्या पलीकडं एक भंगारवाला होता, त्याच्याकडं कचेऱ्यांतली जुनी खोकी यायची. जळकं कार्ड दाखवून म्हणलं, असं पाहिजे. त्यानं पोत्यात हात घातला.

"चचा, येईच होना ना? ये लो, इसकी आवाज अलग है, इसकी अलग, इसकी अलग."

मी म्हणलं, "तू ऐकला का?"

"मैं कायकू सुनता? मैं तौलता."

मला तो माणूस आवडला. हिंगोलीत मला भेटलेला तो एकच कॉम्प्युटरवाला, ज्यानं मला माहीत नाही असं सरळ सांगितलं. तिन्ही घेतली. एकच बोकड पाहून बोकड घेणाऱ्याला आमच्यात कोणी पोरगी देत नाही.

इंजिनियरला पुन्हा बोलावलं. जुन्या कार्डावर बारीक काळ्या टोप्या असतात, त्या योग्य काट्यांवर बसवाव्या लागतात आणि तेच आकडे गेमला सांगावे लागतात. न जुळले तर गेम कार्डाला हाक मारतो एका दारात आणि कार्ड उभं दुसऱ्याच दारात. इंजिनियर दोन तास टोप्या काढ-घाल करत राहिला. घाम पुसला, चहा दोनदा प्याला. शेवटी मी म्हणालो, "ते आकडे खोक्याच्या बुडाला चिकटवलेत." पोरानंच क्लासात असताना कागदावर लिहून चिकटवले होते. इंजिनियर म्हणाला, "काका, मग आधी काहून न्हाई सांगितलं?" म्हणलं, "तू इंजिनियर. मला वाटलं तुला खोकं उलटं करता येत असंल."

तर तीन कार्डं अशी. पहिलं लांबलचक, मागच्या बाजूला आवाज कमी-जास्त करायचं चाक, जुन्या रेडिओला असतं तसं. ते गाणं सुरू व्हायच्या आधी थोडं घुरघुरायचं, म्हातारं कुत्रं उठताना घुरघुरतं तसं. दुसरं आखूड, त्याचा ढोल म्हणजे डब्याची झाकणं. तिसऱ्याचं पोराला आणि इंजिनियरला लई कौतुक, कारण त्यात बासरी म्हणजे अगदी खरी बासरी, ढोल म्हणजे खरा ढोल. इंजिनियर डोळे मिटून म्हणाला, "वा काका! ओरिजनल!" मी म्हणलं, त्या भुयारात कोणाचं लगीन हाय का? तिथं माणूस चावी शोधून राहिला, मागं जनावर लागलं, आणि हा बासरी वाजवतोय. ज्यानं तो गेम केला त्यानं ती खोटी, थरथरती बासरीच ऐकून केला असणार. खोट्याची पण एक खरी जात असते. ती पहिल्या कार्डात बराबर होती. पण शिकलेल्या माणसाला सुधारलेलं पाहिजे, मग ते बिघडलं तरी चालेल.

पहिलंच ठेवलं असतं. पण एक खोट होती. चावी वाजत नव्हती.

दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यातही नाही. टोपीवाला चावीवरून जायचा, दार उघडायचं, म्हणजे चावी तर मिळाली. पण ते टिन् कुठंच नाही. मी दोनदा हिंगोलीला जाऊन भंगारवाल्याची पोती उपसली, इंजिनियरला तीनदा गावाला ओढून आणलं. चौथ्या वेळी तो वैतागला.

"काका, वाजतीय की चावी!"

"तुला वाजल्यावाणी वाटतं. तुला लवकर सुटायचं हाय."

"अरे, समोर वाजतीय! सायबा, तुम्ही सांगा." हे पोराला.

पोरानं बाणांवरलं बोट काढलं. मग म्हणाला ते असं: "आबा, कार्ड बहिरं न्हाई. तुमी झालाय."

हे त्याच्या मनात कधीचंच होतं. त्याच महिन्यात ओढ्याकाठी दोन करडं मागं राहिली होती आणि एक लांडग्यानं नेलं. मी लिंबाखाली होतो, शंभर पावलांवर. करडांच्या गळ्यात घुंगरू होते. मला ऐकू आलं नाही. मी घरी सांगितलं, वारा उलटा होता. पोरानं तेव्हा मान हलवली होती, पण आता त्याला सगळंच एका दमात बोलायचं होतं.

"हट्ट्याचा एक जण साठीच्या साठी जनावरं घ्यायला तयार हाय. आयतवारी येऊन राहिलाय बघायला. माणसाला ऐकू येत न्हाई तर त्यानं कळपामागं जाऊ नये. उद्या करडू न्हाई, तुमालाच उचलंल लांडगा."

"लांडगा म्हातारं मास खात न्हाई."

"आबा, चेष्टा न्हाई ही. ते विकून टाकू अन् तुमी चला हिंगोलीला."

मी हिंगोलीला जाऊन काय करणार होतो? चपला बाहेर काढून पंख्याखाली बसणार? कळप गेला की माझ्याकडं सांगायला काय उरत होतं? तिसरी पास. मी म्हणालो, "ठीक हाय. आयतवारीच करू. तीनही कार्डं लाव. मी जत्रेतल्यासारखं पाठ फिरवून उभा राहतो. कुठलं कार्ड वाजतंय ते मी सांगीन. एक जरी चुकलं तरी हट्ट्याच्या माणसाला जनावरं मीच हाकून देतो. न्हाई चुकलो, तर कळपाचं नाव घ्यायचं न्हाई."

इंजिनियरला खुशी झाली. तो म्हणाला, "मंजूर!" जसं काही जनावरं त्याचीच होती.

आयतवारी सकाळी लाईट होती. हट्ट्याचा माणूस बाहेर मेंढरांच्या पाठी चाचपत होता. आत मी दोरीवरल्या घोंगडीकडं तोंड करून उभा राहिलो. म्हातारी नेहमीच्या जागी, उंबऱ्यात, पुढ्यात सूप. इंजिनियर खोक्यापाशी आणि पोरगा बाणांपाशी. ठरलं असं की दर वेळी गाणं, मग जनावर, मग पहिल्या दाराची चावी, इतकंच वाजवायचं.

पहिल्यांदा बासरी आली. म्हणलं, "हे तिसरं. लग्नाचं."

"बराबर," पोरगा म्हणाला. आवाजात आनंद नव्हता.

स्क्रू निघाले, स्क्रू बसले. डब्याची झाकणं वाजली. म्हणलं, "हे दुसरं."

"बराबर."

मग पुन्हा स्क्रूचा आवाज. या वेळी जरा जास्तच. इंजिनियरनं फुंकर मारली, खोकं आपटलं, टेस्टर खाली पाडला, उचलला. "हां, बसलं एकदाचं!" असं मोठ्यानं म्हणाला. माणूस काम करतो तेव्हा इतकं बोलत नाही, हे मी घोंगडीकडं बघून ओळखलं.

गाणं सुरू झालं. जोरात. जनावर गुरगुरलं, तेही जोरात. मग टोपीवाला थांबला.

"सांगा काका," इंजिनियर म्हणाला. "आता तर एकच उरलं. हे तर लेकरूबी सांगंल."

मला क्षणभर वाटलं, सांगून टाकावं. पहिलं. तीन आहेत, दोन झाली, राहिलं पहिलं. कोणाही शहाण्या माणसानं हेच म्हणलं असतं. पण मला एकाएकी मेहुणा आठवला, मान डोलवताना.

"घुरघुर कुठं हाय?" मी विचारलं.

"कसली घुरघुर?"

"पहिलं कार्ड गाण्याच्या आधी घुरघुरतं. हे घुरघुरलं न्हाई. हे दुसरंच हाय, आवाज वाढवून लावलंस. झाकणं ती झाकणंच." आणि मी मागं वळलो. पहिलं कार्ड, लांबलचक, चाकवालं, बाजेवर माझ्या उशाशेजारी पडलेलं होतं. कोणी त्याला हातही लावला नव्हता.

इंजिनियर म्हणाला, "टेस्टिंग केली काका. टेस्टिंग करावीच लागते."

"करावीच लागते," मी म्हणलं. "जत्रेत दुकान टाक. चालंल तुझं."

पोराची मान खाली. युगत त्याची नव्हती, पण पाहून गप्प बसला होता, आणि गप्प बसणारा मला लबाडी करणाऱ्यापेक्षा जास्त जिव्हारी लागतो. लबाडी करणाऱ्यानं निदान हात तरी हलवलेले असतात. मी त्याला तसं सांगितलं. मग तो बाहेर गेला आणि हट्ट्याच्या माणसाला म्हणाला, सौदा नाही. तो माणूस म्हणाला, "काहून? म्हातारा बहिरा हाय म्हणले होते तुमी." पोरगा म्हणाला, "म्हाताऱ्याला नको ते बी ऐकू येतं." त्या दिवसापासून आमच्या घरात इंजिनियरचं नाव "हिची बातच वेगळी" पडलं. मेहुणा मेल्यावर ते नाव रिकामंच होतं.

पोरगा निघाला तेव्हा मी त्याला बजावलं, "पण चावी तिन्हीत वाजत न्हाई, हे बी ध्यानात ठेव. म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो." पोरानं आईकडं पाहिलं. आईनं ज्वारीकडं पाहिलं. पोरगा आणि इंजिनियर दुपारच्या गाडीनं गेले.

मी पहिलं कार्ड लावून घेतलं होतं. खोक्यासमोर बसलो, मोठ्या ऐटीत. म्हातारी सूप पाखडत होती. पाखडता पाखडताच म्हणाली, "वाजली."

"काय वाजली?"

"चावी. आता वाजली. सकाळी बी तीन बार वाजली. टिन् करून."

मी तिच्याकडं वळलो. "मग तवा बोलली काहून न्हाई?"

"शेरडं माझी बी हायेत," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

घुरघुर मला ऐकू येत होती, झाकणं येत होती, लबाडी तर भिंतीपलीकडून ऐकू येत होती. बारीक तेवढं गेलं होतं. करडाच्या गळ्यातला घुंगरू बारीक असतो. त्या दिवशी ओढ्यावर वारा उलटा नव्हता. वाराच नव्हता.

हे मी पोराला सांगितलं नाही. सांगणार पण नाही. कोणी हे लिहून घेतलंय, तो वाचेल तेव्हा वाचेल. मी दुसऱ्या दिवशी सगळ्या करडांचे आणि कोकरांचे घुंगरू काढून पिशवीत भरले आणि म्हातारीला घेऊन औंढ्याला गेलो. देवळाजवळच्या पितळेच्या दुकानात पाठ फिरवून उभा राहिलो. दुकानदारानं बारीक घंट्या हलवल्या. मी हात वर केला नाही. मग मधल्या. नाही. मग तो ठोकळ्या, जाड्या घंट्यांवर आला तेव्हा मी हात वर केला.

"बैलाला पाहिजे का मालक?"

"करडाला."

"करडाला? अवं, करडू खाली वाकलं तर वर येणार न्हाई!"

दुकानातली चार माणसं हसली. म्हातारी म्हणाली, "बांधा गपगुमान. आमचं करडू दांडगं हाय." आणि वजन पाहून त्यातल्या त्यात हलक्या तिनं वेगळ्या काढल्या. त्यानंतर चार वर्षं मी कळपामागं गेलो. आमची करडं आली की गावाला वाटायचं बैलगाड्यांची रांग आली. हसले लोक. पण पुन्हा एकही करडू गेलं नाही. मग गुडघ्यानं दगा दिला तेव्हा अर्धी जनावरं मीच विकली, हट्ट्याच्या त्याच माणसाला. कोणी सांगितलं म्हणून नाही.

पोरगा हिंगोलीत अजून सांगतो, "आमच्या आबांचे कान म्हणजे वाघाचे. पाठ फिरवून साउंड कार्ड ओळखलं." लोक मला येऊन विचारतात आणि मी मान हलवतो, कारण ते खरंच आहे.

खोकं अजून चालतं. दुपारी लाईट असली की मी बसतो, ती उंबऱ्यात बसते. टोपीवाला अंधारात शिरतो.

"वाजली," ती म्हणते.

"कुठं?"

"डाव्या अंगाला. तुमच्या बहिऱ्या बाजूला."

मी टोपीवाल्याला डावीकडं वळवतो.